खाऱ्या जमिनीच्या काठावरची बाजारपेठ

दिवा–रोहा गाडीने पेण सोडलं की पुढचं स्टेशन कासू. तिथून पश्चिमेला धरमतरच्या खाडीपर्यंत नुसता खारेपाट. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते, वर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा मुलूख, पण उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. अशा मुलखाच्या कडेला बाजारगाव वसणारच. इथलं ते पेण.

ही शेती माणसाने खाडीकडून मागून घेतलेली. भरतीचं पाणी अडवायला मातीचे बांध, आणि पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाड्या. बांधाला खांड गेली की पाणी आत शिरतं आणि पुढची काही वर्षं शेत हातचं जातं. सारं धड असलं, तर जूनचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, मग भात. तेवढं एकच पीक. कोरड्या दिवसांत शेतकरी काय करणार? शेततळ्यातला जिताडा धरायचा, नाहीतर पेणची वाट.

पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात, आणि ते रास्तच आहे. देवधरांसारख्या घराण्यांनी रुजवलेला हा धंदा आता हमरापूर, जोहे अशा गावांत वर्षभर चालतो, आणि डोळ्यांच्या आखणीत पेणचा हात अजून कुणी धरत नाही. पण मला विचाराल तर भातगावाच्या बाजाराची खरी ओळख पोह्याच्या पापडात आहे. पोह्यांचं पीठ पापडखार, हिंग, मिरची घालून मळायचं, कुटून कुटून मऊ करायचं, लांब वळी करून दोऱ्याने लाट्या कापायच्या. लाटणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि कारखाना म्हणजे घराची पडवी. दुकानात पापडाशेजारी मिरगुंडं हमखास.

पाण्याचं मात्र गणित वेगळं. हेटवणे धरण याच तालुक्यात, आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. या धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांची जमीन सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) द्यायची का, यावर सप्टेंबर 2008 मध्ये सरकारने मतदान घेतलं. गावकऱ्यांनी मोठ्या संख्येने नकार दिला, प्रकल्प पुढे बारगळला. जमीन वाचली. शेताला कालव्याचं पाणी मिळावं ही मागणी मात्र त्यानंतरही करावीच लागली.