परक्या फौजेचे उस्ताद

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला तोफांच्या आवाजाचे नवल नाही. रेंजवर सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि लोक चहा पीत राहतात. कान टवकारले जातात ते लॅम रोडला वेगळ्याच गणवेशातले अधिकारी दिसले की. मग ‘ही कुठली फौज आली?’ पासून ‘सैन्य परक्यांच्या हातात दिलं की देश गेलाच’ पर्यंत सगळे बोलून होते.

फौज आलेली नसते, विद्यार्थी आलेले असतात. तोफखान्याची शाळा काकूलहून १९४१ मध्ये देवळालीत आली. मित्रदेशांचे अधिकारीही तिथे शिकतात. तसेच भारत आपले उस्ताद बाहेरही पाठवतो. पलटणीत शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’च म्हणतात.

गैरसमज : प्रशिक्षक बोलावले म्हणजे लष्कर परक्यांच्या ताब्यात गेले.

शिकवणे वेगळे, हुकूम देणे वेगळे. भूतानमध्ये ‘हा’ नावाच्या गावी १९६० च्या दशकाच्या आरंभापासून भारतीय प्रशिक्षण पथक आहे, पण भूतानची सेना हुकूम घेते आपल्या राजाचा. नायजेरियाची लष्करी अकादमी १९६४ मध्ये उभी राहिली तेव्हा तिचे पहिले प्रमुख ब्रिगेडियर वर्मा भारतीय होते. इथिओपियात हरारची अकादमीही भारतीय अधिकाऱ्यांनीच उभी केली. दोन्हीकडे शाळेचा प्रमुख आपला होता, सैन्याचा नव्हे. आणि पाहुणा नकोसा झाला तर त्याला निरोपही देता येतो. नेपाळी सैन्याची फेरबांधणी करायला १९५२ मध्ये गेलेले भारतीय पथक नेपाळच्या मागणीवरून १९७० पर्यंत परतले.

गैरसमज : गोरे अधिकारी फितूर झाले म्हणून मराठे हरले.

हा आपल्या फार आवडीचा, कारण त्यात दोष दुसऱ्याचा निघतो. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बेनुआ द बॉयनला चाकरीत घेतले. हा सॅव्हॉयचा माणूस. त्याने कवायती पलटणींचे कंपू उभे केले. पाटण आणि मेडता या १७९० च्या दोन लढायांत त्यांनी राजपुतांना हरवले. कवायतीइतकेच महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीला होते. महादजींनी कंपूंच्या खर्चासाठी दोआबातला मुलूख लावून दिला होता, त्यामुळे शिपायाचा पगार वेळेवर होई आणि जखमींची सोय लागे. उधारीवर चालणाऱ्या फौजांच्या त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! पुढे १७९३ मध्ये लाखेरीला याच कंपूंनी होळकरांचा पराभव केला. आपल्या चांदवडला ज्यांचा रंगमहाल आहे तेच हे होळकर. त्यांच्या पलटणींचा उस्ताद दुद्रनेक हा फ्रेंच. मराठ्यांनी मराठ्यांना हरवले, आणि शिकवणारे दोन्हीकडे फ्रेंच बोलणारे!

१८०३ मध्ये शिंद्यांशी युद्ध जुंपले तेव्हा इंग्रजांनी जाहीरनामा काढला : शिंद्यांची चाकरी सोडून या, पैसे आम्ही देऊ. बरेच इंग्रज अधिकारी गेले. द बॉयनच्या जागी आलेला पेराँही सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. इतपत फितुरी खरी. पण त्याच महिन्यात, २३ तारखेला, आताच्या जालना जिल्ह्यात असईच्या लढाईत काय झाले? शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. इंग्रज सेनापती वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. शिकवण कच्ची नव्हती, शिपाई तर नव्हताच. उणीव होती ती वरच्या फळीत. दोन दशके परक्या उस्तादांना पोसले, पण त्यांच्या जागी उभे राहतील असे आपले अधिकारी घडवले नाहीत. माझ्या मते हा दोष पेराँच्या आधी दरबाराचा आहे.

गैरसमज : चांगला उस्ताद आणि भरपूर पैसा मिळाला की फौज उभी राहते.

अफगाणिस्तान पाहा. वीस वर्षांत अमेरिकेने तिथल्या सुरक्षा दलांवर आठ हजार कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला. हजेरीपटावर नुसती नावे असलेले शिपाई होते, खऱ्या शिपायांचे पगार रखडत होते, आणि विमानांची देखभाल परदेशी कंत्राटदारांवर होती. कंत्राटदार गेले, विमाने अडली. ६ ऑगस्ट २०२१ ला झरंज पडले. भारताने बांधलेला महामार्ग सुरू होतो तेच हे गाव. १५ ऑगस्टला काबूल पडले.

तेव्हा अफगाण कॅडेट भारताच्या लष्करी अकादमींत शिकत होते. त्यांचे शिक्षण पुरे झाले, पण ज्या सैन्यात जायचे ते सैन्यच उरले नव्हते. २०२२ च्या फेब्रुवारीत भारताने अशा ८० जणांना बारा महिन्यांच्या इंग्रजीच्या वर्गात घातले.