वायुप्रदूषणाची संगणकीय प्रतिमाने : वहन आणि रसायन

प्रस्तावना : हवेतील प्रदूषकांचे प्रमाण मापनकेंद्रावर मोजता येते, परंतु एखादे उत्सर्जन घटविल्यास हवा कितपत सुधारेल, हे मापनयंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी संगणकीय प्रतिमानांचा आधार घ्यावा लागतो.

प्रतिमानाची रचना : प्रतिमानात वातावरणाची विभागणी असंख्य त्रिमितीय कोष्ठांत केली जाते. प्रत्येक कोष्ठात द्रव्याच्या अक्षय्यतेच्या नियमानुसार प्रदूषकांचा हिशेब मांडला जातो. त्यात चार बाबी येतात : (१) वाहने, कारखाने, चुली इत्यादींचे उत्सर्जन, (२) वाऱ्यामुळे होणारे वहन व संक्षोभामुळे होणारे मिश्रण, (३) रासायनिक अभिक्रिया, (४) पावसाबरोबर वा पृष्ठभागावर होणारे निक्षेपण. वारा, तापमान व सूर्यप्रकाश यांची माहिती हवामानाच्या प्रतिमानाकडून मिळते. काही अभिक्रिया सेकंदाच्या अंशात, तर काही अनेक दिवसांत घडतात. म्हणून त्यांची समीकरणे सोडविण्यासाठी विशेष संख्यात्मक पद्धती वापरतात.

ओझोनचे उदाहरण : ओझोन धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे व हायड्रोकार्बने यांच्यापासून तो सूर्यप्रकाशात तयार होतो, हे लॉस एंजेलिसच्या धुरक्यासंदर्भात हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. पुढे त्याच परिसरात एक विसंगती आढळली. शनिवार-रविवारी डिझेल मालमोटारींची वर्दळ कमी होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे घटत. ओझोन मात्र पुष्कळदा वाढे. कारण नायट्रिक ऑक्साइड ओझोनचा नाश करते, तर नायट्रोजन डायऑक्साइड अभिक्रियांना चालना देणारे हायड्रॉक्सिल मूलक अडवून ठेवते. ही ऑक्साइडे अंशतः घटली, की दोन्ही अडसर सैल होतात. कपात पुरेशी खोल असल्यास मात्र ओझोनही उतरतो. ही सीमा कोठे आहे, हे केवळ बेरीज-वजाबाकीने कळत नाही. ते प्रतिमानानेच तपासावे लागते.

मर्यादा : उत्सर्जनाची सूची सदोष असेल, तर अचूक समीकरणांतूनही चुकीचे उत्तर निघते. म्हणून प्रतिमानाचे निष्कर्ष प्रत्यक्ष मापनाशी ताडून पाहणे अनिवार्य ठरते.

निष्कर्ष : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेची पूर्वानुमान प्रणाली उभारली. अशा प्रणालींचे महत्त्व उद्याचा अंदाज वर्तविण्यापुरते नाही. सद्हेतूने केलेली अपुरी कपात नागरिकांच्या फुप्फुसांना अपायकारक ठरू शकते, ही सूचना धोरणकर्त्यांना आधीच मिळणे अधिक मोलाचे आहे.