प्रति सरकार आणि कराचा प्रश्न

राज्यशास्त्राच्या तासाला 'अराज्यवाद' हा शब्द निघाला की वर्गात हशा पिकतो. बंद, दगडफेक, जाळपोळ असेच काहीतरी डोळ्यांपुढे येते. वस्तुतः अराज्यवाद्यांचा युक्तिवाद ऐकून घेण्याजोगा आहे. दरोडेखोर पैसे मागतो आणि नाही म्हटले तर मारतो. सरकार कर मागते आणि नाही म्हटले तर जप्ती आणते. मग दोहोंत फरक कोणता? १८४० साली फ्रान्समध्ये प्रूधाँने उघडपणे स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेतले. अमेरिकेत थोरोने गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला डोईपट्टी देण्याचे नाकारले आणि १८४६ साली एक रात्र तुरुंगात काढली. (थोरो पुरता अराज्यवादी नव्हता, पण त्याचे उदाहरण सारेच देतात.)

हा प्रश्न आपल्या भागाने पुस्तकाबाहेर हाताळला आहे. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचे वाळवा, तासगाव हे तालुके होते. कुंडल मात्र औंध संस्थानात होते. १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे प्रति सरकार चालले. ७ जून १९४३ रोजी जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडे चिमठाण्याला सरकारी खजिना पकडला गेला. रक्कम सुमारे साडेपाच लाख. शेणोलीच्या कामगिरीत असलेले कॅप्टन भाऊ लाड उतारवयातही सांगत, की आम्हांला लुटारू म्हणणे अन्यायाचे आहे. इंग्रजांनी लोकांचा चोरलेला पैसा आम्ही परत आणला.

वरवर पाहता हा अराज्यवाद्यांचाच युक्तिवाद वाटतो. पण बारकाईने पाहावे. अराज्यवाद्याच्या मते कर मुळातच चोरी. भाऊंच्या मते ती चोरी ठरते, कारण घेणारा परका. म्हणूनच आपल्या माणसांनी 'सरकार नको' असे न म्हणता 'प्रति सरकार' असे नाव घेतले, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. तलाठी-फौजदाराचा वचक उडाल्यावर गावोगाव न्यायदान मंडळे बसली. शेतीचे तंटे वकिलाच्या फीवाचून मिटू लागले, थोडक्या खर्चात गांधी विवाह लागले, दारूभट्ट्या मोडल्या, सावकार आणि दरोडेखोर यांना जरब बसली. माणसे एकमेकांच्या साहाय्याने सरकारावाचून व्यवहार चालवू शकतात, हे क्रोपोटकिनने १९०२ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले होते. कुंडलच्या शेतकऱ्यांनी ते न वाचताच करून पाहिले.

परंतु दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. 'प्रति'चे 'पत्री' झाले ते शिक्षेमुळे. गुन्हेगाराच्या तळपायांवर काठीचे फटके पडत. बैलाला पत्री ठोकतात तशी पायाला ठोकली, असेही सांगतात. फटके खाणारा खरोखर गुन्हेगारच होता कशावरून? त्याने दाद कोठे मागायची? येथे अराज्यवाद्याचा प्रश्न प्रति सरकारलाही तितकाच लागू पडतो, आणि तो विचारला म्हणून हुतात्म्यांचा अपमान होतो असे मी मानत नाही.

पैशाचेही तसेच. कार्यकर्त्यांना घराघरांतून भाकरी मिळत होती, मोठा खर्च पकडलेल्या रकमेवर भागत होता. लढ्याच्या तीन वर्षांना हे पुरते. शाळा, दवाखाना, कालवा यांना दरसाल पैसा लागतो आणि दरसाल खजिना कोठून पकडणार? आमच्या घरी प्राप्तिकर कोणी भरत नाही, तेव्हा करदाते म्हणजे नोकरदार असे वर्गात कुणी म्हटले की मी पूर्वी गप्प बसत असे. आता बसत नाही. साबणाच्या वडीवरचा जीएसटी रोजगारावर जाणारी बाईही देते. तिला कुणी विचारून तो बसवलेला नाही. पण त्याच पैशातून मला शिष्यवृत्ती मिळते.

चिमठाण्याच्या खजिन्यावर गेलेल्यांत वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते. स्वातंत्र्यानंतर सरकारशी त्यांचे भांडण संपले नाही. मागणी मात्र पालटली. १९९३ पासून आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या आणि तेथे अण्णा सरकारकडे मागत होते ते कृष्णेचे पाणी, समान वाटपाने, सरकारी खर्चाने.