मळणीयंत्राचे तोंड आणि उत्पादकाचे दायित्व
वऱ्हाडात सोयाबीन व तूर काढणाऱ्या मळणीयंत्रात पीक ज्या पन्हाळीतून आत सरकवले जाते, ती आखूड व उघडी असल्यास हात थेट फिरत्या ड्रमपर्यंत पोहोचतो; म्हणूनच लांब, वरून झाकलेली पन्हाळ ही सूचनाफलकापेक्षा कितीतरी भरवशाची, कारण ती थकलेल्या मजुराच्या दक्षतेवर विसंबत नाही. अशा धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा १९८३चा आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई देण्याची जबाबदारी, रचनेतील दोषालाही स्पष्टपणे लागू केले. इतकेच नव्हे, तर अकोल्याच्या जठारपेठेतील एखाद्या विक्रेत्याने वस्तूत फेरफार केला आणि तोच हानीचे प्रमुख कारण ठरला, तर तो विक्रेताही उत्तरदायी असतो.