केशाकर्षणाची आज्ञा आणि आपली घरे

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले, की नऊ दिवस घराघरांतून सप्तशतीचे मंत्र ऐकू येऊ लागतात. कोणी स्वतः पाठ करतात, कोणी गुरुजींकडून करवून घेतात, आणि घरातील गृहिणी माळ बांधता बांधता, नैवेद्याचे पुरण वाटता वाटता ते शब्द कानांत साठवीत असते. पाठाची शुद्धता, संपुट, नियम, सोवळे यांविषयी आपली घरे फार जागरूक आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु तोंडाने उच्चारलेल्या मंत्राचा अर्थ मनाला कितपत शिवतो, असा प्रश्न आम्ही भाविक वाचकांस अतिशय नम्रपणे विचारू इच्छितो. त्याला कारणही तसेच आहे.

सहाव्या अध्यायात शुंभ आपल्या धूम्रलोचन नामक सेनापतीस पाठवतो. देवीने त्याची मागणी नाकारली आहे, त्याच्या दूताला सडेतोड उत्तर दिले आहे, आणि या उद्धटपणाची शिक्षा म्हणून शुंभ काय सांगतो? तिला ठार करा, असे तो म्हणत नाही. तिचे केस धरून, त्या ओढण्याने व्याकूळ करून, तिला बळाने माझ्यापुढे आणा, अशी त्याची आज्ञा आहे. संस्कृतात या कृत्याला केशाकर्षण म्हणतात. धूम्रलोचन पुढे सरसावतो आणि देवीच्या केवळ एका हुंकाराने त्याचे भस्म होते. शस्त्र उचलण्याचीही तिला गरज पडत नाही.

केशाकर्षण हा शब्द आमच्या ग्रंथांत इतरत्रही येतो, आणि जेथे येतो तेथे त्या हाताचा धनी कोण आहे हे पाहण्यासारखे आहे. द्यूतसभेत द्रौपदीच्या केसांना हात घालतो तो दुःशासन. विराटाच्या सभेत सैरंध्री झालेल्या त्याच द्रौपदीला केस धरून लाथ मारतो तो कीचक. विराटाच्या सभेतील प्रसंग तर फारच बोलका आहे. राजा गप्प आहे. कंक झालेला धर्मराज तिला म्हणतो की तू अंतःपुरात जा, तुझ्या रडण्याने सभेतील द्यूतात व्यत्यय येतो. अज्ञातवास मोडू नये ही त्याची अडचण आपण समजू शकतो. पण शेजारच्या घरातून किंकाळी आली असता खिडकी लावून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना कोणता अज्ञातवास पाळावयाचा असतो?

येथे आम्ही देवळातून घरात येतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील विवाहित स्त्रियांना, अगदी एकान्तात, पतीच्या हातून मार वा बळजबरी सोसावी लागली काय, असे विचारण्यात आले. अठरा ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी होय असे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे चौघींत एक आहे. संतांची भूमी म्हणून आपण ज्या प्रदेशाचा अभिमान बाळगतो त्याची ही स्थिती. भोंडल्याचा फेर धरणाऱ्या चार जणींकडे पाहताना हा आकडा आठवावा.

आम्हांला अधिक विचारात टाकले ते त्याच पाहणीतील दुसऱ्या एका प्रश्नाने. पुढे सात कारणे ठेवून विचारले होते की यांपैकी कोणत्याही कारणासाठी पतीने पत्नीला मारणे योग्य आहे काय? न सांगता घराबाहेर जाणे, घराकडे वा मुलांकडे दुर्लक्ष करणे, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे, सासूसासऱ्यांचा मान न ठेवणे, शय्येस नकार देणे, आणि चारित्र्याविषयी पतीच्या मनात आलेला संशय, ही ती सात कारणे. देशातील ४५ टक्के स्त्रियांनी यांतील निदान एका कारणासाठी मारणे योग्य ठरवले. पुरुषांचे प्रमाण ४४ टक्के. महाराष्ट्रातील स्त्रियांचे प्रमाणही ४४ टक्क्यांच्या आसपास होते. त्यांतही स्त्रियांनी सर्वांत अधिक मान्य केलेले कारण कोणते, तर सासूसासऱ्यांचा मान न ठेवणे.

मारणारा हात पुरुषाचा असतो हे खरे, पण त्या हाताला हक्काचा परवाना देणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने आहेत, हे यावरून दिसते.

काही वर्षांपूर्वी नवरात्रातील कीर्तन आटोपून आम्ही बुक्का लावीत होतो. एक तिशीच्या आतली सुवासिनी आईला आणि सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन पुढे आली. नमस्कार करून हळूच म्हणाली, "बुवा, एखादं व्रत सांगा. ह्यांचा हात थांबंल असं." कशावरून मारतो असे विचारले, तर म्हणाली, "माझंच कायतरी चुकत असंल." आम्ही काही बोलण्यापूर्वी तिच्या आईनेच उत्तर दिले, "आमी काय कमी मार खाल्ला का बुवा? बाईच्या जातीला ते चुकत न्हाई. हिचं बी तोंड जरा चालतंयच." ते बोलणे निष्ठुरपणाचे नव्हते. लेकीचा संसार टिकावा याच काळजीने ती माउली बोलत होती. धाकटी मात्र आजीच्या तोंडाकडे टक लावून पाहात होती, आणि कीर्तनातील आख्यान तिने जितक्या लक्षपूर्वक ऐकले नसेल तितक्या लक्षपूर्वक ती हे ऐकत होती.

आम्ही त्या मुलीला सांगितले की व्रत ज्याचा हात उठतो त्याने धरावयाचे असते. उपास तू करून त्याचा क्रोध जिरत नाही. पुढे ज्या व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या त्या शेवटी येतील.

त्या आईच्या मनात, आणि लक्षावधी आयांच्या मनात, असा एक समज घर करून बसलेला आहे की पतीचा हक्क मान्य केला, मान खाली घातली, तर मार कमी बसेल. व्यवहारज्ञानासारखा दिसणारा हा समज टिकत नाही. देशोदेशींच्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे की ज्या स्त्रिया मारणे योग्य मानतात त्यांच्यात मार खाणाऱ्यांचे प्रमाण, ते अयोग्य मानणाऱ्यांपेक्षा सामान्यतः अधिकच आढळते. आधी मान्यता की आधी मार, याचा निवाडा एका वेळी विचारलेल्या प्रश्नांवरून होत नाही. आम्हांला वाटते दोन्ही एकमेकांना पोसत असावीत. जिला रोज मार बसतो तिच्या मनाला काही कारण तर हवेच असते, आणि 'माझे चुकले' हे कारण सर्वांत जवळचे. ते एकदा मान्य झाले की दाद मागण्याचा प्रश्नच उरत नाही. वरील पाहणीतच असे दिसले की अत्याचार सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली ना कोणाला सांगितले. जिच्या आईने वडिलांचा मार खाल्ला तिच्या वाट्याला तो येण्याचा संभव अधिक, असेही या पाहण्या सांगतात. नवऱ्याच्या दारूचा भाग आहेच. वरचेवर झिंगणाऱ्यांच्या बायकांत मार खाणाऱ्या ७० टक्के, तर मुळीच न पिणाऱ्यांच्या घरी २३. परंतु हा दुसरा आकडाही लहान नाही. दारू सुटली की हात थांबतोच असे नव्हे, हे मद्यपाननिषेधाची आख्याने करणाऱ्या आमच्या बंधूंनी ध्यानात ठेवावे.

शास्त्र काय सांगते

शास्त्राचा आधार काढून मारणारेही आम्ही पाहिले आहेत, म्हणून त्याविषयी आडपडदा न ठेवता लिहितो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पत्नी, पुत्र, सेवक, शिष्य व धाकटा भाऊ यांना अपराध झाला असता दोरीने वा वेळूच्या कांबीने, तेही पाठीवरच, ताडन करण्याची मुभा आहे; मस्तकावर मारील त्याला चोराचा दंड सांगितला आहे. हे वचन नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तथापि ज्या गृहस्थाला हे वचन प्रमाण वाटते त्याने हेही सांगावे की मनुस्मृतीतील इतर दंडविधाने तो सांप्रत पाळतो काय? आणि शिष्याला छडी मारणे आज आपण शाळेतही चालू देत नाही, मग त्याच यादीतील पत्नीपुरते शास्त्र जिवंत कसे राहिले? महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला भर सभेत दुष्यंताला ऐकवते की पुरुष कितीही संतापला तरी त्याने स्त्रीला अप्रिय होईल असे वागू नये, कारण रती, प्रीती आणि धर्म ही तिच्याच अधीन आहेत. तेही शास्त्रच आहे. दोन वचने समोर असता आपण कोणते उचलतो, यावरून आपली प्रवृत्ती कळते, शास्त्राची नव्हे.

सप्तशती हा ज्या मार्कंडेय पुराणाचा भाग, त्याच पुराणात कुष्ठी कौशिकाची कथा आहे. टाकून बोलणाऱ्या, वेश्येकडे नेण्याचा हट्ट धरणाऱ्या पतीला त्याची पत्नी खांद्यावरून नेते, आणि पुढे शाप टळावा म्हणून सूर्यालाच उगवू देत नाही. पतिव्रतेची महती म्हणून हे आख्यान गावोगाव रंगते. सूर्य थांबवण्याचे सामर्थ्य ज्या बाईचे, तिने त्या सामर्थ्याने पतीचे शब्द आवरावेत असे मात्र कोणत्याही उत्तररंगात कोणी सुचवीत नाही! एकाच पुराणात देवीचा हुंकार आहे आणि कौशिकपत्नीचे मौनही आहे. आपण लेकीबाळींना हुंकार फक्त पाठात ऐकवतो आणि मौन आचरणात शिकवतो.

बहिणाबाईंची वेणी

आम्ही ज्या करवीर क्षेत्री राहतो तेथेच घडलेली, आणि खुद्द सोसणारीनेच सांगितलेली हकीकत पाहा. संत बहिणाबाई, ज्यांना आपण शिऊरकर म्हणतो, त्यांचा काळ १६२८ ते १७००. देवगावच्या कुलकर्ण्यांची ही लेक. तिसऱ्या वर्षी तिचे लग्न तिशीच्या बिजवराशी झाले. दायादांच्या तंट्यामुळे कुटुंब देशोधडीला लागून फिरत फिरत कोल्हापुरास आले. तेथे जयरामस्वामींचे कीर्तन चाले. अकरा वर्षांची बहिणा आपल्या लाडक्या वासरासह कीर्तनाला जाऊ लागली. स्वामींनी तिच्यावर कृपादृष्टी केली, गावात बोलबाला झाला, आणि तो पतीच्या कानी गेला. आपल्या आत्मकथनपर अभंगांत त्या स्पष्ट सांगतात की पतीने वेणी धरून मनसोक्त मारले, आणि बांधून ठेवले. इकडे गाय आणि वासरू यांनी चारापाणी सोडले.

अपराध कोणता होता? घराबाहेर जाऊन कीर्तन ऐकणे. त्या सात कारणांतील पहिले कारण साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचेच आहे, आणि केशाकर्षणही तेच आहे. पुष्कळदा हा प्रसंग सांगताना 'संतांची सहनशीलता' म्हणून त्यावरून चटकन पुढे जातात आणि गोड वासराच्या कथेवर श्रोत्यांचे डोळे ओलावतात. आमच्या मते यातील महत्त्वाची गोष्ट अशी की बहिणाबाईंनी ते लपवले नाही. पातिव्रत्य मानणाऱ्या, पतीबरोबर जन्मभर नांदलेल्या त्या साध्वीने आपल्याला मारले हे नावानिशी, गावानिशी लिहून ठेवले. आणि मार बसल्याचे कळताच जयरामस्वामी बहिणेच्या बिऱ्हाडी आले व पतीशी बोलले. नवराबायकोचा घरगुती मामला, आपण कशाला पडा, असे त्या कीर्तनकाराने म्हटले नाही.

स्त्रीधन

तोंड उघडावयाचे तर पाय टेकावयाला जागा लागते. हे धर्मशास्त्रकारांना ठाऊक होते, म्हणून याज्ञवल्क्याने पतीला स्त्रीधनाला हात लावण्याची मुभा दुष्काळ, धर्मकृत्य, आजार आणि बंदिवास एवढ्यापुरतीच ठेवली. आणि त्याच्यावर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने वारसाने आलेले, विकत घेतलेले धनही स्त्रीधनात धरून त्याची व्याप्ती वाढवली. या स्त्रीधनाचा माराशी काय संबंध, असे कोणी विचारील. बीना अगरवाल व प्रदीप पांडा यांनी केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेली आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली पाहणी त्याचे उत्तर देते. ज्या स्त्रियांच्या नावे ना जमीन ना घर, त्यांपैकी ४९ टक्क्यांना पतीचा मार बसला होता; ज्यांच्या नावे दोन्ही होते त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के. आपल्या महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. परंतु चोळी-बांगडीच्या भिडेने हक्कसोडपत्रावर सही करून बहिणी मोकळ्या होतात, आणि भाऊबीजेला ओवाळणीत साडी मिळते. पुढे रात्री-अपरात्री दारात उभ्या राहिलेल्या बहिणीला 'जुळवून घे' असे सांगणारा भाऊ बहुधा तीच जमीन कसत असतो.

त्या दिवशी मंडपात त्या मुलीला, तिच्या आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात, आम्ही जे सांगितले ते असे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ सालचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यासाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देता येते आणि न्यायदंडाधिकारी मारहाणीस मनाई करणारा आदेश देऊ शकतात. घर नवऱ्याच्या वा सासऱ्याच्या नावे असले तरी तेथे राहण्याचा हक्क कायद्याने तिला दिला आहे, म्हणून 'चालती हो' या शब्दाला भिण्याचे कारण नाही. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत असावी असे कायदा म्हणतो, व्यवहारात विलंब होतो हे आम्ही जाणतो. तातडीच्या वेळी दूरध्वनीवर १८१ वा ११२ फिरवावा. आणि एक कलम शेजाऱ्यांसाठी, वडीलधाऱ्यांसाठी आणि आम्हां कीर्तनकारांसाठी आहे. मार सोसणारीनेच जाऊन सांगावे असे बंधन नाही. ज्याला कळले असेल असा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला वर्दी देऊ शकतो, आणि सद्‌हेतूने दिलेल्या वर्दीबद्दल त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही.