दिसत नाही त्याचा आकडा

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत कुठेतरी काळे पडदे लावलेला एक कोपरा सापडतो. बाहेर हातोड्यांचा दणदणाट, आत अंधार. तिथे क्रँकशाफ्टवर चमकत्या लोहकणांचं पातळ मिश्रण ओततात, विजेच्या झटक्याने तो चुंबकित करतात आणि मग दिवा रोखतात. पोलाद अखंड असेल तर काहीच दिसत नाही. पण कुठे केसाहून बारीक भेग असेल, तर चुंबकीय क्षेत्र तिथे पृष्ठभागाबाहेर डोकावतं, कण त्या जागी गोळा होतात आणि काळोखात लखलखीत पोपटी रेघ उमटते.

रेघ दिसते. तिला पेटवणारा प्रकाश मात्र दिसत नाही. त्या दिव्यातून डोळ्याला जाणवणारा अंधुक जांभळा उजेड म्हणजे नुसती गळती. खरं काम करतात 365 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण, आणि ते निम्म्यावर आले तरी जांभळा उजेड बघून कुणाला पत्ता लागत नाही. दिवा थकला की भेग काळीच राहते आणि तो क्रँकशाफ्ट खुशाल इंजिनात जाऊन बसतो. म्हणून काम सुरू करण्याआधी तपासनीस हातात मावेल एवढा यूव्ही मीटर दिव्याखाली धरतो. दिव्यापासून 38 सेंटिमीटरवर, म्हणजे 15 इंचांवर, निदान 1000 मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, हा या धंद्यातला जगभर रूढ असलेला आकडा.

आकडा दणदणीत वाटतो, पण भर उन्हाळ्यातल्या दुपारच्या उन्हात याच पट्ट्यातले अतिनील किरण साधारण पाचपट असतात. मग भेग उन्हातच का बघू नये? कारण उन्हात दिसणारा प्रकाश इतका असतो की पोपटी रेघ त्यात बुडून जाते. तेव्हा मोजायच्या गोष्टी दोन: अतिनील पुरेसं आहे का, आणि साधा उजेड पुरेसा कमी आहे का. हा उजेड साधारण 20 लक्सच्या आत लागतो. तपासनिसाचा शुभ्र सदराही इथे खोडी काढतो. धुण्याच्या पावडरीतली उजळवणारी रसायनं अतिनील शोषून निळसर चमकतात आणि अख्खा माणूसच दिवा होऊन बसतो.

हा अदृश्य प्रकाश सापडला तोही मोजण्याच्या नादातूनच. 1800 साली विल्यम हर्शेलने वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि तिथे न दिसणारी उष्णता पकडली. पुढच्याच वर्षी येनामध्ये योहान विल्हेल्म रिटरने विचार केला, दुसऱ्या टोकाला काय असेल? त्याने सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला अंधारच दिसतो तिथे धरला. कागद तिथेच सगळ्यात लवकर काळा पडला. माझ्या मते तो काळवंडलेला कागद म्हणजे जगातला पहिला यूव्ही मीटर.

चमकत्या रंगांची गोष्ट त्याहून गमतीची. 1933 साली अमेरिकेतला रॉबर्ट स्वित्झर नावाचा तरुण कामावर पडून जखमी झाला, दृष्टी अधू झाली आणि डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितलं. भाऊ ज्यो याला जादूचे प्रयोग करायचा नाद. दोघांनी अतिनील दिवा घेऊन वडिलांच्या औषधाच्या दुकानात काय काय चमकतं ते धुंडाळायला सुरुवात केली. त्यातून निघालेल्या रंगांनी पुढे यंत्रांच्या भागांतल्या भेगा दाखवल्या.

आपल्याला हे किरण का दिसत नाहीत? दृष्टिपटल त्यांना अगदीच आंधळं नाही. डोळ्यातलं भिंग त्यांना वाटेतच अडवतं. पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर कृत्रिम भिंग न बसवलेल्या माणसांना या किरणांचा काही भाग फिकट निळसर-पांढरा दिसू शकत असे. हल्लीच्या कृत्रिम भिंगात अतिनील अडवणारा घटक असतो, त्यामुळे ती खिडकी बंद झाली.

मीटरला डोळा द्यायचा तर अडचण उलटी. 365 नॅनोमीटरच्या एका प्रकाशकणात साधारण 3.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सुटायला जेमतेम 1.1 पुरते, म्हणून सिलिकॉन ट्यूबलाइटपासून उन्हाच्या धगीपर्यंत सगळ्यालाच होकार देत सुटतं. त्याच्यापुढे दिसणारा प्रकाश अडवणारी गाळणी बसवावी लागते. सिलिकॉन कार्बाइडला मात्र सव्वातीनच्या आसपास लागतात, म्हणून दिसणाऱ्या प्रकाशाला ते उपजतच आंधळं. महागड्या सेन्सरचा मोठा गुण हा आंधळेपणा! त्यावर बसवलेली दुधी चकती तिरक्या किरणांचा हिशेब सांभाळते.

आता गोम. मीटरच्या पडद्यावर येतो तो आकडा ‘एकूण अतिनील’ नसतो. त्या विशिष्ट डोळ्याला जेवढं दिसलं तेवढंच तो सांगतो. पाऱ्याच्या दिव्याची 365 ची रेषा सुईसारखी अरुंद असते. एलईडीचा प्रकाश मात्र पसरट, आणि त्याचं शिखर चार-पाच नॅनोमीटर इकडेतिकडे. पाऱ्याच्या दिव्यावर पारखलेला मीटर एलईडीखाली धरला, तर दोन्हीकडे प्रकाश तेवढाच असूनही आकडे वेगळे येऊ शकतात, आणि दोष कुणाचाच नसतो.

याहून धोक्याची चूक म्हणजे हाच मीटर जंतुनाशक नळीखाली धरणं. ती नळी 254 नॅनोमीटरला तळपते आणि भेगांचा मीटर तिथे जवळजवळ काहीच बघत नाही. ‘आकडा किरकोळ आहे, मग काय भ्यायचं’ असं म्हणून कुणी नळीकडे बघत बसला तर? या किरणांसाठी डोळ्यांची मर्यादा दिवसभरात मिळून प्रति चौरस सेंटिमीटर 6 मिलिज्यूल मानतात. 1000 मायक्रोवॅटच्या माऱ्यात ती सहा सेकंदांत संपते. त्या वेळी काहीच जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं. वेल्डिंग करणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे.

मोजण्याची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. आधी सेन्सर झाकून शून्य बघायचं. पाऱ्याचा दिवा पाच-दहा मिनिटं तापू द्यायचा, कारण तो तापत तापत वाढतो. एलईडीचं उलट, तो तापला की किंचित मंदावतो, म्हणून लावल्याबरोबर मिळालेल्या आकड्यावर खूश होऊ नये. अंतर नजरेने ठरवू नये. दिवा लहान असेल, तर 38 ऐवजी 33 सेंटिमीटरवर धरलेला मीटर जवळजवळ एक-तृतीयांश जास्त दाखवतो. पाच सेंटिमीटरच्या फरकात नापास दिवा पास होतो. त्यापेक्षा लाकडाचा ठोकळा कापून घ्यावा आणि मीटर नेहमी त्यावरच ठेवावा.

निगा राखायची ती मुख्यतः त्या चकतीची. बोटाचा तेलकट ठसा आपल्याला पारदर्शक दिसतो, अतिनील किरणांना तो तसा असेलच असं नाही. तपासणीच्या मिश्रणाचा थेंब उडाला तर आणखी घोटाळा, कारण तो अतिनील शोषून पोपटी प्रकाश सोडतो. धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकेच पुसावं. सदऱ्याच्या टोकाने नको. पावसाळ्यात मीटर सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवावा आणि बराच काळ लागणार नसेल तर सेल काढून घ्यावेत.

एवढं जपूनही एक झीज टळत नाही. कापड मोजल्याने गज झिजत नाही, इथे मात्र मोजायची वस्तूच मापाला खाते. अतिनील किरण गाळण्या आणि चकत्या हळूहळू मंद करतात, सेन्सरची संवेदना उतरते. म्हणून काम झालं की मीटर दिव्याखाली पडू देऊ नये, आणि वर्षातून एकदा प्रयोगशाळेकडून पारखून घ्यावा.

तरी एक दिवस असा येतोच की कालचा 1400 आज 1150 होतो. थकलं कोण, दिवा की मीटर? एकट्या मीटरला हे सांगता येत नाही. शहाणे कारखाने यासाठी दुसरा, पारखलेला मीटर कपाटात अंधारात ठेवतात आणि क्वचितच बाहेर काढतात. दोघेही 1150 म्हणाले तर थकला तो दिवा, आणि हजाराखाली जाण्याआधी तो बदलायचा. कपाटातला 1400 म्हणाला तर रोजचा मीटर प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि सोबतच्या कागदावर लिहायचं की आमचा दिवा पाऱ्याचा आहे की एलईडीचा.