दहावीनंतर डिप्लोमा की बारावीनंतर डिग्री? सिव्हिल इंजिनीअर होण्याचे मार्ग समजून घ्या

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. सिव्हिल इंजिनीअर व्हायचं तर पॉलिटेक्निकला जायचं की अकरावी सायन्सला? डिप्लोमा केला तर एक वर्ष वाया जातं, असं अनेक पालकांना वाटतं. प्रत्यक्षात हिशेब वेगळा आहे.

एकूण वर्षं किती?
अकरावी-बारावीची २ आणि डिग्रीची ४ अशी ६ वर्षं. डिप्लोमाची ३ आणि डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला तर पुढची ३, म्हणजे तीही ६च. फरक आहे तो मधल्या टप्प्यावर. घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबलं, तर डिप्लोमाधारकाच्या हातात नोकरीसाठी चालणारी पात्रता असते. फक्त बारावी झालेल्याकडे ती नसते.

डिप्लोमाला प्रवेश कसा?
दहावीच्या गुणांवर, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रक्रियेतून. सीईटी लागत नाही. दोन वर्षांचा आयटीआय किंवा बारावी सायन्स केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पुढे डिग्रीला जाताना डिप्लोमाचे गुण पाहिले जातात. मात्र नामांकित कॉलेजांत या जागा मोजक्या असतात. शिवाय डिग्रीचं पहिलं वर्ष चुकल्यानं गणित अनेकांना जड जातं.

बारावीनंतर काय?
राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा, त्यातले १०० गुण एकट्या गणिताचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. एनआयटीसाठी जेईई मेन आणि आयआयटीसाठी त्यानंतर जेईई अॅडव्हान्स्ड.

नोकरीत फरक पडतो का?
पडतो. साइट सुपरवायझर, बिलिंग, क्वांटिटी काढणं अशा कामांची सुरुवात डिप्लोमावर होते. सरकारी खात्यांतल्या कनिष्ठ अभियंता पदांच्या बहुतेक भरतींनाही डिप्लोमा चालतो. एमपीएससीची स्थापत्य अभियांत्रिकी सेवा किंवा यूपीएससीची इंजिनीअरिंग सेवा परीक्षा द्यायची असेल तर डिग्री हवीच. स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये जायचं असेल तर अनेक जण गेट देऊन एम.टेक. करतात.

नोकरी करता करता डिग्री?
इथे फसगत होण्याची शक्यता सर्वाधिक. ‘घरबसल्या बी.टेक.’च्या जाहिरातींपासून सावध राहायला हवं. पत्राद्वारे दिल्या जाणाऱ्या इंजिनीअरिंग पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच कठोर निकाल दिला आहे. एएमआयईचा जुना मार्गही आता उपयोगाचा नाही. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच केंद्र सरकारच्या नोकरीसाठी तिची डिग्रीच्या बरोबरीची मान्यता मिळते. त्याऐवजी एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदार डिप्लोमाधारकांसाठी कामाच्या वेळेबाहेर भरणाऱ्या नियमित वर्गांना परवानगी दिली आहे.

फॉर्म भरण्याआधी काय पाहावं?
कॉलेजला एआयसीटीईची मान्यता आहे का आणि ते कोणत्या विद्यापीठाशी किंवा मंडळाशी संलग्न आहे, हे आधी तपासावं. मग घरात एकच प्रश्न विचारावा: सलग ६ वर्षं शिकवणं जमेल का? उत्तर ‘हो’ असेल तर दोन्ही वाटा खुल्या आहेत. खात्री नसेल तर तीन वर्षांनी कमाईची सोय करून देणारा डिप्लोमा अधिक सुरक्षित. डिग्रीचं दार त्यानंतरही उघडं राहतं.